पाहिले खरे, पण दिसले नाही

एका वाचक भगिनींचे पत्र थोडक्यात असे आहे: ‘माझे वय ५२ असून गेली २१ वर्षे मी मोटार चालवते आहे. मागच्या महिन्यात मुख्य रस्त्यावर वळण्यापूर्वी मी चौकात थांबले, दोन्ही बाजूंना पाहिले, रस्ता मोकळा दिसला म्हणून गाडी पुढे काढली, आणि त्याच क्षणी एका मोटारसायकलस्वाराने करकचून ब्रेक लावला. माझ्या दारापासून जेमतेम हातभर अंतरावर तो थांबला. “डोळे फुटलेत का?” असे तो ओरडला. “तुम्ही दिसलाच नाहीत,” एवढेच मी म्हणू शकले. त्या रस्त्यावर नेहमी ट्रक भरधाव येतात, त्यामुळे तिथे मी कधीही निष्काळजीपणे वळत नाही. नेत्रतज्ज्ञांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावली आणि नजर उत्तम असल्याचे सांगितले. यजमान म्हणतात, “तुझे लक्ष नव्हते. मी असतो तर मला दिसला असता.” माझे लक्ष रस्त्यावरच होते, हे मी शपथेवर सांगते. हा मेंदूचा विकार आहे की वयाचा परिणाम? गाडी चालवणे सोडून द्यावे का? ता. क. त्या वेळी मी मुलीशी फोनवर बोलत होते, पण फोन हातात नव्हता, स्पीकरवर होता.’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील प्रत्येक वाक्य खरे आहे असे मानूनच मी हे उत्तर लिहीत आहे. तुम्ही दोन्ही बाजूंना पाहिले, हे खरे. आणि तो तरुण तुम्हाला दिसला नाही, हेही तितकेच खरे. आपल्या भाषेने या दोन गोष्टी फार पूर्वीच वेगळ्या केल्या आहेत. ‘मी पाहिले’ असे आपण म्हणतो, पण ‘मी दिसले’ असे म्हणत नाही, ‘मला दिसले’ असे म्हणतो. पाहणे ही आपण केलेली क्रिया असते. दिसणे ही आपल्या बाबतीत घडणारी घटना असते, आणि पहिली केली म्हणजे दुसरी घडतेच अशी कोणतीही हमी निसर्गाने दिलेली नाही. त्या दोहोंच्या मध्ये जे काही आहे, त्याला मानसशास्त्रात ‘अवधान’ म्हणतात, आणि तुमचा प्रश्न नेमका तिथला आहे.

आधी डोळ्यांविषयी बोलू, कारण नेत्रतज्ज्ञांच्या निर्वाळ्यावर तुम्ही थोडा जास्तच विसंबला आहात. एक हात समोर पूर्ण लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहा. त्या नखाने जेवढी जागा व्यापली आहे, साधारण तेवढ्याच जागेत आपल्याला खरोखर स्पष्ट दिसते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी सुमारे दीड मिलिमीटर व्यासाचा एक खळगा असतो, त्याला फोविया म्हणतात. बारीक तपशील टिपणाऱ्या शंकुपेशी तिथे दाटीवाटीने असतात आणि तिथून दूर जावे तसतशी त्यांची संख्या झपाट्याने कमी होत जाते. तक्त्यावरची अक्षरे वाचताना कसोटी लागते ती या एवढ्याशा खळग्याची. उरलेल्या विस्तीर्ण दृष्टिक्षेत्राबद्दल तो तक्ता काहीच सांगत नाही.

तरीही सगळे जग आपल्याला एकसारखे स्पष्ट वाटते, कारण डोळे एका ठिकाणी स्थिर राहतच नाहीत. ते सेकंदाला तीन-चार वेळा उडी मारतात आणि प्रत्येक उडीनंतर साधारण पाव ते तृतीयांश सेकंद थबकतात. उडी चालू असताना मेंदू दृष्टीची संवेदनक्षमता कमी करून टाकतो. तसे नसते, तर प्रत्येक उडीसरशी सारे दृश्य फराट्यासारखे सरकलेले दिसले असते. याची खातरजमा आरशासमोर करता येते. आरशातील स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्याकडे, मग पुन्हा डाव्याकडे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तुमची बुबुळे हलताना स्वच्छ दिसतील. तुम्हाला ती हलताना एकदाही दिसणार नाहीत. पहिल्यांदा हे करून पाहिले तेव्हा आरशातच काही गडबड आहे असे मला वाटले होते.

आता हे चौकात आणून पाहा. मान वळवत नजर रस्त्यावरून फिरवली, की आपण सगळा रस्ता पुसून घेतल्यासारखा पाहिला अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात दोन-तीन ठिकाणी नजर थबकलेली असते आणि मधले पट्टे उड्यांमध्ये निसटलेले असतात. समोरून येणाऱ्या मोटारसायकलची रुंदी माणसाच्या खांद्यांहून फारशी जास्त नसते. १०० मीटर अंतरावर ती तुमच्या त्या नखाच्या रुंदीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी दिसते, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असेल तर तेवढे अंतर ती सहा सेकंदांत कापते. शिवाय तुम्ही थांबलेल्या होतात आणि ती जवळजवळ तुमच्याच रोखाने येत होती. अशी वस्तू काचेत इकडून तिकडे सरकत नाही. एकाच ठिकाणी राहून मोठी होत जाते, आणि तेही सुरुवातीला अगदी सावकाश. डोळ्याच्या कडेचा भाग तपशिलाला मंद असला तरी हालचालीला तल्लख असतो, पण सरकणेच नसेल तर त्या तल्लखपणाचा उपयोग काय? पुढच्या काचेलगतचा लोखंडी खांब जर नेमका त्याच दिशेला येत असेल, तर तेवढ्या जाडीच्या आड एक अख्खी मोटारसायकल मावते.

तरीही मी असे गृहीत धरतो की ती खांबाआड नव्हती, उड्यांच्या फटीतही हरवली नव्हती. तुमची नजर थेट तिच्यावर पडली होती. तरीदेखील ती दिसली नसण्याची शक्यता पुष्कळ आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एक सुरेख प्रयोग केला होता. काळोख्या पेटीत अक्षरे लिहिलेला कागद ठेवून तो एका सूक्ष्म प्रकाशबिंदूवर नजर खिळवीत असे आणि मनाने मात्र आधीच कागदाचा दुसराच एखादा भाग निवडून ठेवीत असे. मग विजेची ठिणगी पाडून क्षणार्धासाठी कागद उजळला जाई. डोळा हलायलाही वेळ नसे, तरी निवडलेल्या भागातील अक्षरे त्याला वाचता येत आणि बाकीची येत नसत. म्हणजे नजर एकीकडे आणि अवधान दुसरीकडे असू शकते. शाळेत फळ्याकडे डोळे लावून बसलेल्या आणि मनाने मैदानावर असलेल्या मुलाला हे सांगावे लागत नाही; पण हेल्महोल्ट्झने ते मोजण्याजोगे करून दाखवले. पुढे १९८०च्या सुमारास मायकेल पोस्नर यांनी साध्या खुणांच्या प्रयोगांनी दाखवले, की डोळे न हलवताही अपेक्षित जागी आलेल्या ठिपक्याला माणूस अधिक लवकर प्रतिसाद देतो आणि अनपेक्षित जागी आलेल्याला उशिरा.

‘अपेक्षित’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण तुमच्या पत्रातील सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात: त्या रस्त्यावर ट्रक भरधाव येतात. तुमचे लक्ष नव्हते, हे यजमानांचे म्हणणे म्हणूनच मला मान्य नाही. लक्ष होते, आणि ते ट्रक शोधत होते. डोळे रस्त्याला एक प्रश्न विचारत होते, ‘ट्रक येतो आहे का?’ आणि त्याचे उत्तर त्यांना अचूक मिळाले: नाही. ते उत्तर तुम्ही ‘रस्ता मोकळा आहे’ असे वाचले.

हे कसे होते, याचा सर्वांत गाजलेला दाखला १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर शाब्री यांनी दिला. पांढरे आणि काळे सदरे घातलेले दोन चमू चेंडूची फेकाफेक करत आहेत, आणि पांढऱ्या सदऱ्यांच्या चमूने चेंडू किती वेळा फेकला ते मोजायचे आहे, अशी चित्रफीत त्यांनी लोकांना दाखवली. मध्येच गोरिलाच्या पोशाखातील एक व्यक्ती खेळाडूंच्या घोळक्यातून चालत आली, मधोमध थांबून तिने छाती बडवली आणि ती निघून गेली. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती दिसली नाही. या प्रकाराला ‘अनवधान-अंधत्व’ म्हणतात. ‘काखेत कळसा अन् गावाला वळसा’ ही म्हण आपण वेंधळ्या माणसाला लावतो. हे प्रयोग वाचल्यापासून मी ती कोणालाही लावायची सोडून दिली आहे.

तो खेळ होता, तिथे कोणाचे काही अडले नव्हते, असा आक्षेप तुमचे यजमान घेतील. म्हणून दुसरे उदाहरण देतो. ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा वो आणि जेरेमी वुल्फ यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसांचे सीटी स्कॅन देऊन त्यांतील गाठी शोधायला सांगितले. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचे एक लहान चित्र घातले होते. लहान म्हणजे सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे. २४ पैकी २० जणांना ते दिसले नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट त्या चित्रावरून गेली असल्याचे आढळले. ते डॉक्टर निष्काळजी नव्हते. पोटतिडकीने शोधत होते, पण गाठी शोधत होते.

तुमच्या प्रसंगाला आणखी जवळचा प्रयोग २००७ साली मोटार चालवण्याच्या आभासी यंत्रावर झाला. चालकांना प्रत्येक चौकात ठरावीक रंगाचा बाण शोधून त्या दिशेला वळायचे होते. काहींना पिवळा, काहींना निळा. एका चौकात अचानक एक मोटारसायकल आडवी आली. ती शोधत असलेल्या रंगाची नव्हती, तेव्हा तिला धडकणाऱ्यांचे प्रमाण ती त्याच रंगाची असतानाच्या तुलनेत कितीतरी जास्त निघाले. चौक, मोटारसायकल आणि चालक तसेच होते. मनात धरलेला रंग तेवढा वेगळा होता.

मेंदू असा कद्रूपणा का करतो, हे तुम्ही विचारलेले नाही, पण थोडक्यात सांगतो. एका डोळ्याच्या दृष्टिपटलात बारा कोटींहून अधिक प्रकाशग्राही पेशी असतात आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत केवळ दहा-बारा लाख धागे. छाटणी डोळ्यातच सुरू होते. पुढे मेंदूत समोरच्या वस्तूंची एकमेकींशी स्पर्धा चालते आणि जी वस्तू आपल्या कामाशी जुळते तिचे पारडे जड केले जाते; बाकीच्या वस्तू दाबल्या जातात. अॅन ट्रीझमन यांनी दाखवल्याप्रमाणे हिरव्या ठिपक्यांतला एकुलता एक लाल ठिपका कितीही गर्दीत आपोआप डोळ्यांत भरतो, पण रंग आणि आकार दोन्ही जुळवून शोधायचे असेल तर एकेक वस्तू तपासत जावे लागते. करड्या रस्त्यावर, करड्या इमारतींसमोर, गडद कपड्यांतला स्वार हा दुसऱ्या प्रकारात मोडतो.

आणि आता तो ताजा कलम. पत्रातील खरी बातमी माणसे नेहमी तिथेच का ठेवतात, हे मला अजून उमगलेले नाही.

फोन हातात नव्हता म्हणून तो मुद्दा तुम्ही निकालात काढला आहे. मी काढणार नाही. डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आभासी यंत्रावर चालकांच्या नजरेची नोंद घेतली आणि नंतर रस्त्याकडेच्या वस्तू ओळखायला सांगितल्या. हात मोकळे ठेवून फोनवर बोलणाऱ्यांनी ज्या फलकांवर नजर रोखली होती, तेसुद्धा त्यांना न बोलणाऱ्यांच्या मानाने कमी ओळखता आले. म्हणजे अडचण हातांची नाहीच. मुलगी काय सांगते आहे ते ऐकायचे, तिचा चेहरा मनापुढे आणायचा, उत्तर जुळवायचे, हे सारे ज्या अवधानातून चालते त्याच अवधानातून रस्ताही पाहायचा असतो. शेजारी बसून बोलणाऱ्या माणसाची गोष्ट थोडी निराळी आहे: त्यालाही चौक दिसत असतो, त्यामुळे अवघड जागी तो आपोआप गप्प होतो किंवा ‘अगं, जपून!’ म्हणतो. घरात बसलेल्या मुलीला तुमचा चौक दिसत नाही. त्यामुळे गाडीत फोन, स्पीकरवरचादेखील, आजपासून बंद करा. या पत्रातील इतर सल्ल्यांबाबत तुम्ही घासाघीस केलीत तरी चालेल, याबाबत नको.

विकाराच्या शंकेबद्दल स्पष्ट सांगतो. तुम्ही वर्णन केलेला एकच प्रसंग निरोगी मेंदूतही घडतो आणि तेवढ्यावरून आजाराचा संशय घेण्याचे कारण नाही. तथापि एक तपासणी करून घ्या. अक्षरांच्या तक्त्यावर मध्यदृष्टीच तपासली जाते, हे वर आलेच आहे. काचबिंदूत बहुधा कडेची दृष्टी आधी जाते आणि तीही इतक्या सावकाश, की रुग्णाला तिचा पत्ता लागत नाही. चाळिशी उलटल्यावर हा धोका वाढतो. म्हणून नेत्रतज्ज्ञांना दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे ज्याला दवाखान्यात ‘फील्ड टेस्ट’ म्हणतात ती, करायला सांगा. त्याचबरोबर स्वतःकडे थोडे बारकाईने पाहा. धक्के, ओरखडे, न दिसलेल्या वस्तू नेहमी एकाच बाजूच्या असतात का? दाराच्या चौकटीला एकच खांदा वारंवार लागतो का? वाचताना ओळीचा एकच शेवट सुटतो का? मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाल्यास काही रुग्णांचे डावीकडच्या जगावरचे अवधानच हरपते; डोळे शाबूत असतात, पण ताटातले डावीकडचे पदार्थ तसेच राहतात आणि काढलेल्या घड्याळाच्या चित्रात सगळे आकडे उजव्या अर्ध्यात गोळा होतात. असे काही आढळले, विशेषतः अचानक सुरू झाले, तर गाडीची चावी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तुमच्या पत्रात मला असे एकही चिन्ह दिसले नाही.

वयाचा वाटा थोडासा असू शकतो. उतारवयात एका नजरेत टिपता येणारे क्षेत्र आकसते, विशेषतः समोर गर्दी असताना. पण ५२व्या वर्षी तेवढ्यासाठी गाडी सोडायला मी सांगणार नाही. पाहण्याची पद्धत बदलायला सांगेन.

चौकात नजर सरकवत नेऊ नका, टप्प्याटप्प्याने थांबवा. जवळचा पट्टा, मधला, दूरचा, आणि प्रत्येक ठिकाणी क्षणभर ठरून पाहा. मानेबरोबर खांदेही थोडे पुढे-मागे करा, म्हणजे खांबाआडचा भाग उघडा पडेल. एका बाजूला पाहून झाले की दुसऱ्या बाजूला पाहा, आणि मग पहिल्या बाजूला पुन्हा, कारण मधल्या तीन-चार सेकंदांत तिथले चित्र शिळे झालेले असते. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे मनातला प्रश्न बदला. ‘ट्रक येतो आहे का?’ असे न विचारता ‘दुचाकी कुठे आहे?’ असे विचारा, शक्य तर तोंडाने म्हणा. ती असणारच असे धरून शोधली, तर असल्यास सापडते. नसेल तर तुमचे दोन सेकंद जातील. सुरुवातीला गाडीत एकटीने पुटपुटताना ओशाळल्यासारखे होईल, पण महिनाभरात ती सवय अंगवळणी पडेल. एक गोष्ट मात्र नाइलाजाची आहे: क्वचित भेटणारी वस्तू माणसाच्या नजरेतून अधिक वेळा सुटते, हे सामान तपासणीच्या धर्तीवर केलेल्या प्रयोगांत वुल्फ यांनी दाखवले आहे. शंभर वेळा दुचाकी भेटली नाही, की एकशे एकाव्या वेळी शोध आपोआप ढिला पडतो. म्हणूनच तो प्रश्न दरवेळी मुद्दाम, जागेपणी विचारावा लागतो; एकदा ठरवून भागत नाही.

राहता राहिले तुमचे यजमान. ‘मी असतो तर मला दिसला असता’ असे जवळजवळ सगळेच म्हणतात. डोळ्यांदेखत होणारे बदल आपल्याला लगेच लक्षात येतील, असा अंदाज बांधणाऱ्यांची संख्या प्रत्यक्षात ते लक्षात येणाऱ्यांपेक्षा खूप जास्त असते, हेही प्रयोगांत तपासले गेले आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. पत्त्यांचा जोड घ्या. त्यांना समोरच्या भिंतीवरील एका खिळ्याकडे पाहत बसायला सांगा, नजर तिथून हलता कामा नये. मग त्यांच्या बाजूला, हातभर अंतरावर, डोळ्यांच्या रेषेत एक पत्ता धरा आणि अगदी हळू समोर आणत राहा. पत्ता आला, हलला, हे ते लगेच सांगतील. पण तो लाल आहे की काळा, बदामाचा आहे की चौकटचा, पंजा आहे की सत्ता, हे त्यांना नेमके कुठे सांगता येते, ते पत्ता खिळ्याच्या किती जवळ आला होता यावरून मोजा आणि फील्ड टेस्टच्या निकालाबरोबर मला कळवा.